ब्रॉनस्टीन हरले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नाशिकमधील बुद्धिबळ वर्गांवर आलेला लेख शहरातील पुष्कळ पालकांनी आवडीने वाचला असणार. आपल्या नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांनी २०२३ मध्ये आइल ऑफ मॅन येथील ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली, २०२४ मध्ये टोरंटोच्या कॅण्डिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) हिकारू नाकामुरा यांना दोन्ही डावांत हरवले आणि त्याच वर्षी बुडापेस्टला ऑलिम्पियाडचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते. तेव्हापासून आपल्या शहरात बुद्धिबळाला जे दिवस आले आहेत त्यांची दखल वृत्तपत्राने घ्यावी, हे योग्यच झाले. मात्र त्या लेखात जगज्जेतेपदाच्या इतिहासाचा आढावा घेताना, सोव्हिएत ग्रँडमास्टर डेव्हिड ब्रॉनस्टीन १९५१ मध्ये मिखाईल बोटविनिक यांच्याकडून पराभूत झाले, असे एक वाक्य आले आहे. ते दुरुस्त व्हावे आणि त्या निमित्ताने या खेळाडूविषयी एका ओळीहून थोडे अधिक छापले जावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मॉस्कोतील ती लढत २४ डावांची होती. दोघांनी प्रत्येकी पाच डाव जिंकले, चौदा बरोबरीत सुटले आणि गुणफलक १२-१२ असा राहिला. बरोबरी झाल्यास विद्यमान जगज्जेत्याकडेच किताब राहील असा त्या वेळचा नियम होता, म्हणून बोटविनिक जगज्जेते राहिले. याच नियमाने १९५४ मध्ये त्यांनी दुसरे सोव्हिएत ग्रँडमास्टर वासिली स्मिस्लोव्ह यांच्याविरुद्धही किताब राखला. स्मिस्लोव्ह १९५७ मध्ये जगज्जेते झाले, त्यामुळे त्यांना कोणी पराभूत म्हणत नाही. ब्रॉनस्टीन यांना दुसरी संधी मिळाली नाही आणि ‘अर्ध्या गुणाने हुकलेला माणूस’ हा शिक्का त्यांच्यावर बसला तो बसलाच.

त्या लढतीतील दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. सहाव्या डावात मोजकीच मोहरी उरली होती. बोटविनिक यांचे एक प्यादे वजीर होण्यासाठी पुढे सरकत होते आणि ब्रॉनस्टीन यांच्याकडे ते थोपवायला एक घोडा होता. घोड्याने शह देऊन प्यादे अडवणे शक्य होते आणि डाव सरळ बरोबरीत सुटला असता. ब्रॉनस्टीन यांनी बराच वेळ विचार केला आणि राजा हलवला. बोटविनिक यांनी आपला राजा एक घर बाजूला घेताच ते प्यादे घोड्याच्या आवाक्याबाहेर गेले आणि ब्रॉनस्टीन यांनी तेथेच डाव सोडला. वर्गात वर्षभर शिकलेल्या मुलाला दाखवली तरी कळेल अशी ही चूक आहे. जगातल्या पहिल्या दोघांपैकी एकाच्या हातून ती घडली, यावरून अशा लढतीत डोक्यावर किती भार असतो याची कल्पना यावी.

दुसरा प्रसंग तेविसाव्या डावाचा. बावीस डावांनंतर ब्रॉनस्टीन एका गुणाने पुढे होते, म्हणजे उरलेल्या दोन डावांत एक गुण मिळाला असता तरी २७ व्या वर्षी ते जगज्जेते झाले असते. तेविसावा डाव तहकूब झाला तेव्हा बोटविनिक यांच्याकडे दोन उंट आणि ब्रॉनस्टीन यांच्याकडे दोन घोडे अशी स्थिती होती. तहकुबीच्या वेळी पाकिटात बंद केलेली चाल दुसऱ्या दिवशी उघडून डाव पुढे चालवायचा, अशी त्या काळची रीत होती. बोटविनिक यांनी बंद केलेली चाल सर्वोत्तम नव्हती, तरीही दुसऱ्या दिवशी दोन्ही उंटांनी पटाच्या दोन्ही बाजूंना दाब टाकत काळ्याला, म्हणजे ब्रॉनस्टीन यांना, अशा जागी आणले की जी चाल करावी ती आपल्याच मुळावर यावी. सत्तावन्नाव्या चालीनंतर ब्रॉनस्टीन यांनी डाव सोडला. चोविसावा डाव अवघ्या २२ चालींत बरोबरीत सुटला.

या निकालामागे सोव्हिएत सत्तेचा हात होता का, ही चर्चा गेली सत्तर वर्षे चालू आहे. ब्रॉनस्टीन यांचे वडील तीसच्या दशकाच्या अखेरीस झालेल्या धरपकडीत छळछावणीत गेले आणि अनेक वर्षांनी प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत परतले. स्टालिनचा कट्टर विरोधक ट्रॉट्स्की याचे मूळ आडनावही ब्रॉनस्टीनच, ही गोष्ट स्टालिनच्या काळात त्या आडनावाच्या कोणालाच सुखाची नव्हती. बोटविनिक हे राजवटीचे लाडके जगज्जेते होते, यातही शंका नाही. तथापि हरण्याचा हुकूम मिळाला होता असे ब्रॉनस्टीन यांनी कधी म्हटले नाही. आपल्यावर निरनिराळ्या बाजूंनी मानसिक दडपण होते आणि त्यापुढे वाकायचे की नाही हे आपल्याच हाती होते, एवढेच ते सांगत राहिले. माझ्या मते या कबुलीत जो प्रामाणिकपणा आहे, तो त्या लढतीविषयीच्या सगळ्या कटकथांहून मोलाचा आहे.

ब्रॉनस्टीन यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२४ रोजी युक्रेनमधील बिला त्सेर्कवा या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. आजोबांनी त्यांना लहानपणी खेळ शिकवला आणि पुढे किव्हच्या पायोनियर पॅलेसमध्ये (मुलांच्या सरकारी छंदकेंद्रात) अलेक्झांडर कॉन्स्टँटिनोपोल्स्की यांच्या हाताखाली ते तयार झाले. सोळाव्या वर्षी ते सोव्हिएत मास्टर झाले आणि लगेचच युद्ध आले. युद्धानंतर त्यांनी १९४८ ची इंटरझोनल स्पर्धा (कॅण्डिडेट्ससाठीची पात्रता फेरी) जिंकली, १९४८ आणि १९४९ असे सलग दोन वर्षे सोव्हिएत अजिंक्यपद विभागून मिळवले, १९५० मध्ये बुडापेस्टच्या कॅण्डिडेट्समध्ये आयझॅक बोलेस्लावस्की यांच्यासह पहिला क्रमांक मिळवला आणि त्यांच्याशीच झालेली निर्णायक लढत जिंकून ते आव्हानवीर ठरले. हे बोलेस्लावस्की त्यांचे जिवलग मित्र. या दोघांनी मिळून किंग्ज इंडियन हा बचाव, जो तोवर जाणकारांना संशयास्पद वाटे, जगभरच्या खेळाडूंच्या नित्य वापरात आणला. मित्राच्या निधनानंतर काही वर्षांनी, १९८४ मध्ये, ब्रॉनस्टीन यांनी त्यांची कन्या तात्याना यांच्याशी विवाह केला. आज नाशिकमधल्या कोणत्याही शालेय स्पर्धेत काळ्या मोहऱ्यांनी खेळणारा एखादा तरी मुलगा उंट राजाच्या बाजूच्या कोपऱ्याकडे नेऊन पांढऱ्याला मध्य बळकावू देतो आणि मग त्या मध्यावर चाल करून जातो. त्याला ही उठाठेव कोणी प्रतिष्ठेला आणली हे ठाऊक नसते, एवढेच.

मला ब्रॉनस्टीन महत्त्वाचे वाटतात ते लेखक म्हणून. १९५३ च्या ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत स्वित्झर्लंडमध्ये, आधी नॉयहाउझेन आणि मग झुरिच येथे, कॅण्डिडेट्स स्पर्धा झाली. विदित यांनी टोरंटोत खेळलेल्या कॅण्डिडेट्समध्ये आठ खेळाडू आणि चौदा फेऱ्या होत्या. त्या वेळी पंधरा खेळाडू, दुहेरी साखळी आणि तीस फेऱ्या होत्या. एकूण २१० डाव झाले. स्मिस्लोव्ह पहिले आले, तर ब्रॉनस्टीन, पॉल केरेस आणि अमेरिकेचे सॅम्युअल रेशेव्हस्की यांनी दुसरे ते चौथे स्थान विभागून घेतले. या सर्व २१० डावांवर ब्रॉनस्टीन यांनी भाष्य लिहिले आणि १९५६ मध्ये ते रशियन भाषेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. १९६० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली आणि १९७९ मध्ये इंग्रजी अनुवाद आल्यावर ते जगभर पोहोचले. बुद्धिबळावरील सर्वोत्तम पुस्तक कोणते असे विचारल्यावर आजही जी दोन-चार नावे पुढे येतात, त्यांत ते असतेच.

त्याचे वेगळेपण असे की त्यात चालींच्या शाखा-उपशाखांचे जंगल नाही. स्पर्धेच्या पुस्तकात साधारणपणे ‘येथे हे खेळला असता तर ते, मग हे, मग ते’ अशा रकानेच्या रकाने ओळी असतात आणि घरचा वाचक दुसऱ्या पानावर थकतो. ब्रॉनस्टीन मात्र प्रत्येक डावाचा एक मुद्दा पकडतात आणि तो शब्दांत मांडतात: काळी घरे कमकुवत झाली म्हणजे नेमके काय झाले, पुढाकार हाती असणे म्हणजे काय, बरोबरीची वाटणारी स्थिती एका खेळाडूला का आवडते आणि दुसऱ्याला का नाही.

उदाहरणादाखल त्या स्पर्धेतील एफिम गेलर विरुद्ध मॅक्स युवे हा डाव घेतो. युवे १९३५ ते १९३७ या काळात जगज्जेते होते आणि झुरिचला ते ५२ वर्षांचे होते. गेलर तरुण आणि आक्रमक. त्यांनी मध्यात प्याद्यांची फळी उभारून काळ्या राजावर चाल केली आणि त्यांचा वजीर थेट युवेंच्या गोटात जाऊन बसला. पाहणाऱ्याला वाटावे की काळ्याचे आता काही खरे नाही. अशा वेळी बाविसाव्या चालीत युवे यांनी आपला एक हत्ती कोपऱ्यातल्या घरात, पांढऱ्या वजिराच्या तोंडी, ठेवला. गेलर यांनी तो घेतला. त्यांचा वजीर आता पटाच्या टोकाला होता, आणि मोकळ्या पट्टीतून युवेंचा दुसरा हत्ती पांढऱ्याच्या दुसऱ्या रांगेत उतरला. ज्या राजाच्या रक्षणाला वजीर हवा होता त्याच्याभोवती आता कोणीच नव्हते. सव्वीस चालींत गेलर यांनी डाव सोडला. यात शिकायचे काय, तर युवे यांनी हल्ला अडवण्यात शक्ती दवडली नाही. हल्लेखोराला आत येऊ दिले, कारण तो जितका आत येईल तितका त्याचा स्वतःचा राजा उघडा पडणार होता. ही कल्पना एकदा शब्दांत समजली की ती दहा वेगळ्या डावांत ओळखता येते.

आता हे आपल्या गावच्या स्पर्धांशी कसे जुळते ते सांगतो. रविवारी एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात स्पर्धा असते. सिडको, नाशिकरोड, सिन्नर, मनमाडहून मुले आलेली असतात आणि पालक बाहेर पायऱ्यांवर बसलेले असतात. मूल बाहेर येते तेव्हा त्याच्या हातातली स्कोअरशीट घेऊन वडील चाली मोबाइलमध्ये भरू लागतात. मिनिटभरात पडद्यावर आकडे येतात आणि संवाद होतो तो असा: “अठराव्या चालीला तुला प्लस तीन होतं! घालवलंस!” मुलगा गप्प. प्लस तीन, म्हणजे संगणकाच्या हिशेबाने सुमारे तीन प्याद्यांची आघाडी, का होती आणि कशाने गेली, हे ना मोबाइल सांगत ना वडील. मी अनेक वर्षे शालेय स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलेलो आहे आणि हा संवाद मला आता तोंडपाठ झाला आहे. संगणकाला नाक मुरडावे असे मला सुचवायचे नाही. स्वतः ब्रॉनस्टीन उतारवयात हेगच्या एजॉन स्पर्धांत हौसेने संगणकांशी खेळत असत आणि यंत्राचे त्यांना कुतूहल होते. परंतु यंत्र निवाडा देते, कारणे देत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाला हवी असतात ती कारणे.

त्याच सभागृहातील टेबलांवर जी डिजिटल घड्याळे असतात त्यांतही या माणसाचा वाटा आहे. पूर्वी घड्याळातला वेळ संपला की जिंकत आलेला डावही हातचा जाई, मग तो राजा-प्याद्यांचा साधा शेवट का असेना. ब्रॉनस्टीन यांनी १९७० च्या दशकात सुचवले की प्रत्येक चालीसाठी खेळाडूला थोडा वेळ वेगळा मिळावा. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बॉबी फिशर यांनी प्रत्येक चालीमागे ठरावीक सेकंद वाढवणाऱ्या घड्याळाचे पेटंट मागितले आणि ती पद्धत अधिक रूढ झाली, पण ब्रॉनस्टीन यांच्या नावाची पद्धतही वापरात आहे. तीत पाच सेकंदांची सवलत असेल आणि खेळाडूने तीन सेकंदांत चाल केली, तर तीनच सेकंद परत मिळतात. नऊ सेकंद घेतले तर पाच मिळतात. म्हणजे भराभर चाली करून कोणी वेळ साठवू शकत नाही, आणि विचाराला चार क्षण हवे असणाऱ्याचा गळाही आवळला जात नाही. ही सूचना अशा खेळाडूची आहे, जो पहिली चाल करण्यापूर्वीच घड्याळ चालू ठेवून दीर्घकाळ पटाकडे पाहत बसण्यासाठी प्रसिद्ध होता. त्यांना वेळेची किंमत कळत नव्हती असे निदान कोणी म्हणू नये.

लेखक म्हणून त्यांचा गौरव करताना एक गोष्ट लपवू नये असे वाटते. झुरिचच्या पुस्तकातील बराच मजकूर बोरिस वाइनश्टाइन या त्यांच्या स्नेह्याच्या हातचा आहे. ब्रॉनस्टीन यांनी पुढे हे स्वतःच सांगितले. वाइनश्टाइन हे बुद्धिबळाचे जाणकार, त्याच वेळी सोव्हिएत गृहखात्याच्या यंत्रणेतील वजनदार अधिकारी. ज्या यंत्रणेने वडिलांना छावणीत धाडले तिच्यातलाच अधिकारी मुलाचा आश्रयदाता आणि सहलेखक व्हावा, हे त्या देशात घडू शकत होते. तसेच, स्मिस्लोव्ह यांनाच पुढे काढावे म्हणून त्या स्पर्धेत सोव्हिएत खेळाडूंवर दबाव होता, असे ब्रॉनस्टीन यांनी म्हातारपणी लिहिले. १९५६ च्या पुस्तकात अर्थातच त्यातला एक शब्दही नाही. तेव्हा ते पुस्तक डावांविषयी खरे बोलते आणि स्पर्धेविषयी गप्प राहते, हे ध्यानात ठेवून ते वाचावे.

१९७६ मध्ये सोव्हिएत ग्रँडमास्टर व्हिक्टर कोर्चनॉय यांनी अ‍ॅम्स्टरडॅम येथे मायदेशी सोव्हिएत संघात परतायचे नाकारले, तेव्हा त्यांच्या निषेधाच्या पत्रावर देशातील बहुतेक ग्रँडमास्टरांच्या सह्या घेण्यात आल्या. ब्रॉनस्टीन यांनी सही केली नाही. त्याची किंमत म्हणून त्यांचे मानधन बंद झाले आणि परदेशी स्पर्धांची दारे त्यांच्यासाठी अनेक वर्षे बंद राहिली. सही न करणाऱ्या मोजक्या मंडळींत बोटविनिकही होते. पंचवीस वर्षांपूर्वी पटाच्या दोन टोकांना बसलेले आणि एकमेकांविषयी फारसे प्रेम नसलेले हे दोघे या एका बाबतीत एकाच बाजूला उभे राहिले, हे मला त्या १२-१२ च्या गुणफलकाहून अधिक लक्षात ठेवावेसे वाटते. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ब्रॉनस्टीन पुन्हा युरोपभर हिंडले, सत्तरीत इंग्लंडमधील हेस्टिंग्जच्या स्पर्धेत खेळले, टॉम फ्युर्स्टेनबर्ग यांच्याबरोबर १९९५ मध्ये आपल्या डावांचे आणि आठवणींचे पुस्तक काढले, आणि ५ डिसेंबर २००६ रोजी बेलारूसमधील मिन्स्क येथे वारले.

ब्रॉनस्टीन यांनी ‘इझ्वेस्तिया’ या दैनिकात अनेक वर्षे बुद्धिबळाचे सदर लिहिले. जगज्जेतेपदाच्या दारापर्यंत गेलेल्या माणसाला, दैनिकाच्या सामान्य वाचकाला एक डाव समजावून सांगणे कमीपणाचे वाटले नाही. माझी विनंती याच्याशी निगडित आहे. आपल्या रविवार पुरवणीत शब्दकोड्याशेजारी वितभर जागा बुद्धिबळासाठी द्यावी. तेथे दर आठवड्याला एकच डाव असावा, शक्यतो नाशिक जिल्ह्यातील एखाद्या स्पर्धेतला, मग तो आठ वर्षांच्या मुलीचा असला तरी हरकत नाही. डावातील एका वळणाची आकृती द्यावी आणि तेथे काय घडले हे मराठीत, दीडशे-दोनशे शब्दांत, संगणकाचा एकही आकडा न वापरता सांगावे. लिहिणारे प्रशिक्षक आणि पंच शहरात आहेत. मानधनाची अपेक्षा कोणी करणार नाही. स्पर्धांच्या स्कोअरशीटवरून डाव निवडून देण्याचे काम मी आनंदाने करीन. पहिल्या आठवड्यासाठी काही हाताशी नसेल तर गेलर आणि युवे यांचा वर सांगितलेला डाव घ्यावा.

सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासून चालत आलेल्या संस्थेनेही मनावर घेतले तर बालविभागात बुद्धिबळाच्या भाष्यग्रंथांचे एक छोटे कपाट आणि त्याशेजारी दोन पट मांडून ठेवता येतील, कारण ही पुस्तके मोहरी समोर हलवल्याशिवाय वाचताच येत नाहीत. मराठीत असे ग्रंथ फार थोडे आहेत, ही उणीव प्रकाशकांकडे मांडण्याचा विषय आहे आणि तो वेगळ्या पत्राचा.

सदर सुरू झालेच तर एक लहानशी सूचना मांडणी विभागाला अवश्य द्यावी. जाहिरातींत आणि चित्रांत पट बहुतेक वेळा आडवा फिरवलेला दिसतो. आकृतीत खालच्या ओळीतील उजव्या हाताचे शेवटचे घर पांढरे आले पाहिजे, आणि वजीर आपल्याच रंगाच्या घरावर. ते उलटे छापले गेले, तर सोमवारी सकाळी आपल्या कार्यालयातील दूरध्वनी शहरातली शाळकरी मुलेच वाजवतील.

आपला,
शालेय स्पर्धांतील एक पंच,
इंदिरानगर, नाशिक